कॉम्पॅक्टकडून डीएसएलआरकडे : एका न वाचलेल्या शिळेच्या निमित्ताने

२००८ च्या हिवाळ्यात, प्रवरेच्या काठच्या एका लहान गावी, मारुतीच्या देवळाच्या ओट्याला टेकवून ठेवलेली एक शिळा आम्ही दोघांनी पाहिली. वर चंद्रसूर्य कोरलेले, खाली तीन ओळींचा लेख. अक्षरे देवनागरी, झिजलेली, पण बोटाने चाचपली तर जाणवणारी. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. पुरालेखविद्या हा आमचा विषय नव्हे. तरीही यादवकालीन मराठीचा तास घेणाऱ्या माणसाला असा दगड दिसला की पाय थांबतातच. जवळ ८ मेगापिक्सेलचा, शर्टाच्या खिशात मावणारा एक कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा होता. देवळाच्या सावलीत उजेड कमी, म्हणून फ्लॅश आपोआप पेटत होता. सहा छायाचित्रे काढली आणि एसटी गाठली.

घरी संगणकावर ती सहा चित्रे उघडली तेव्हा दगड लख्ख दिसत होता. त्याच्या कडा दिसत होत्या, वरची चंद्रकोर दिसत होती, ओट्यावर पडलेली फुलेसुद्धा दिसत होती. दिसत नव्हती ती अक्षरे. पहिल्या दोन ओळींतील तुटक शब्द लागले. तिसऱ्या ओळीत 'शके' आणि त्यापुढचा एकचा आकडा लागला. पुढे नुसता पांढुरका डाग. पुन्हा एकदा जाऊ, असे म्हणून आम्ही तो विषय ठेवून दिला. अध्यापकाच्या आयुष्यात 'पुन्हा एकदा' ला किती वर्षे लागतात हे वाचकांना सांगायला नको. आम्ही परत गेलो ते २०११ मध्ये. मधल्या काळात गावाने वर्गणी काढून देवळाचा जीर्णोद्धार केला होता. शिळा नव्या भिंतीत नीट बसवलेली होती, खालचा भाग सिमेंटात गेला होता आणि वरच्या भागावर शेंदरी ऑइलपेंटचा जाड थर होता. गावाने जे केले ते भक्तीने केले; त्यांच्या दृष्टीने दगडाला मान मिळाला होता. त्याच्या मजकुराची एकमेव नोंद म्हणजे आमची सहा छायाचित्रे, आणि ती वाचता येत नव्हती.

त्याच वर्षी आम्ही चांगला कॅमेरा घ्यायचे ठरवले. सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचे काही पैसे शिल्लक होते. कॉम्पॅक्ट सोडून पहिला डीएसएलआर निवडताना माणूस जे करतो ते सगळे आम्ही केले: मेगापिक्सेल मोजले, तक्ते केले, दुकाने हिंडलो. पण त्या निवडीचा खरा उलगडा आम्हाला झाला तो जुन्या इतिहासातून. पश्चिम भारतात भिंती, लेणी आणि लेख यांच्या प्रती ज्यांनी आपल्या आधी केल्या, त्यांनी कोणत्या साधनाने काय मिळवले आणि काय गमावले, हे पाहिल्यावर दुकानात विचारायचा प्रश्नच बदलला. प्रस्तुत लेख त्या बदललेल्या प्रश्नाविषयी आहे.

*

महाराष्ट्रातील प्रतींच्या इतिहासात मेजर रॉबर्ट गिल हे नाव टाळता येत नाही. मद्रास लष्करातील हा अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमला गेला. पुढे अनेक वर्षे त्याने लेण्यांतील अंधारात तैलरंगांत मोठमोठे पट रंगवले आणि ते इंग्लंडला पाठवले. लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये ते मांडलेले असताना १८६६ साली तेथे आग लागली आणि त्यांतील बहुतेक जळून गेले. गिलने दरम्यान कॅमेराही हाती घेतला होता. त्याने काढलेल्या लेण्यांच्या व मंदिरांच्या छायाचित्रांची पुस्तके जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली. कुंचल्याकडून कॅमेऱ्याकडे येणारा हा माणूस आपल्या परीने आजच्या भाषेत 'अपग्रेड' करत होता. त्याची समाधी भुसावळला आहे.

या 'अपग्रेड'मध्ये त्याला काय मिळाले? वेग मिळाला, प्रमाणबद्धता मिळाली आणि एका काचेवरून अनेक प्रती छापण्याची सोय मिळाली. पट जळला की गेला. छायाचित्र छापून वाटले गेले असेल तर एक प्रत जळाली तरी दुसरी उरते. पण त्या काळच्या कॅमेऱ्याला रंग उमटवता येत नव्हता आणि लेण्याच्या आतला काळोख त्याला फारसा झेपत नव्हता. म्हणून अजिंठ्याच्या रंगांसाठी पुन्हा कुंचलाच लागला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून सुमारे १३ वर्षे नव्या प्रती करत राहिले. त्यांतल्याही कित्येक १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. एकाच विषयाच्या प्रती दोनदा जळाव्यात हा दुर्दैवी योगायोग खरा. पण साधन बदलले की प्रत्येक वेळी काही गोष्टी नोंदीत येतात आणि काही गळतात, हेही त्यातून दिसते. नवे साधन जुन्याहून सर्वच बाबतींत वरचढ नसते.

छायाचित्रणाची विद्या मुंबईत लवकर रुजली होती. १८५४ मध्ये तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेतील ठळक नाव. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक छायाचित्रकार तयार झाले. तथापि त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, तो ओला आहे तोवरच चित्र घ्यायचे आणि तेथेच तंबूत ते धुऊन काढायचे, असा खटाटोप असे. दूरच्या डोंगरातील देवळापर्यंत हे सगळे बिऱ्हाड नेणे सोपे नव्हते. १८८० च्या सुमारास कोरड्या काचा सहज मिळू लागल्या तेव्हा सर्वेक्षकाच्या पाठीवरचा निम्मा भार उतरला.

पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणात त्याच दशकात हेन्री कझिन्स काम करू लागले. त्यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवर लिहिलेला ग्रंथ १९३१ मध्ये निघाला. आपल्या अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) रतनवाडीचे अमृतेश्वर, टाहाकारी, कोकमठाण, पेडगावचे लक्ष्मीनारायण ही मंदिरे त्या ग्रंथात आहेत. आम्ही त्या ग्रंथाची पाने उलटत होतो तेव्हा एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. मंदिराचा बाह्य भाग जेथे रेखीव उठून दिसतो, तेथे ऊन बाजूने आलेले असते. स्तंभाची प्रत्येक कंगोरी आपली बारीक सावली शेजारच्या खाचेत टाकत असते. सर्वेक्षकाजवळ फ्लॅशसारखे सोयीचे साधन नव्हते. सूर्य योग्य कोनात येईपर्यंत थांबणे एवढेच त्याच्या हाती होते. या थांबण्याची किंमत आम्हाला तोवर कळलेली नव्हती.

*

मंदिराचे चित्र आणि लेखाचे चित्र यांत मात्र फरक आहे. मंदिराच्या चित्रात थोडे अस्पष्ट राहिले तरी मंदिर कळते. लेखात एक आकडा अस्पष्ट राहिला की इतिहास शंभर वर्षांनी पुढेमागे सरकतो. मराठीच्या विद्यार्थ्याला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. अलिबागजवळच्या अक्षी येथील शिलालेखाचा काळ शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा लावला. काही अभ्यासकांनी तो सुमारे दोन शतके अलीकडचा मानला. मराठीतील आद्य लेख कोणता, हा परीक्षेत हमखास येणारा प्रश्न अशा रीतीने झिजलेल्या दगडावरच्या दोनतीन आकड्यांशी बांधलेला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा भाषेच्या प्राचीनतेविषयी पुष्कळ बोलले गेले. त्या प्राचीनतेचा पुष्कळसा पुरावा अजूनही उघड्यावर, उन्हापावसात उभा आहे.

म्हणूनच पुरालेखाच्या अभ्यासकांनी आरंभापासून ठशाचा आग्रह धरला. दगड स्वच्छ धुवायचा, त्यावर ओला कागद पसरायचा, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वरून शाईचा बोळा फिरवायचा. खाचांतला कागद पांढरा राहतो, बाकीचा काळा होतो. ठशात प्रकाशाची भानगडच नसते. कागद प्रत्यक्ष दगडाला शिवतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघू लागलेल्या 'एपिग्राफिया इंडिका'ने वाचनासोबत ठसे छापण्याची शिस्त घातली. या शिस्तीमागे एक नैतिक विचार आहे. संपादकाने आपले वाचन द्यावेच, पण ज्यावरून ते केले ते साधनही वाचकापुढे ठेवावे, म्हणजे वाचकाला हरकत घेता येते. तुळपुळ्यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा १९६३ मधील ग्रंथ आपल्यापैकी पुष्कळांनी एम.ए.ला असताना चाळला आहे. त्यातील लेखांवर आजही वाद घालता येतो तो या शिस्तीच्या परंपरेमुळेच.

पण प्रत्येक दगडाचा ठसा घेता येत नाही. नेवाशाचा खांब घ्या. ज्ञानदेवांनी ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे, त्या 'पैस' खांबावर संस्कृत लेख कोरलेला आहे आणि त्यात करवीरेश्वराच्या अखंड दिव्यासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या ज्या लेखसंग्रहाला याच खांबावरून 'पैस' हे नाव दिले, त्याला १९७१ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या खांबाला हजारो लोक डोके टेकवतात त्याच्यावर ओला कागद ठोकणे हौशी माणसाला शोभणारे नाही. हरिश्चंद्रगडावर चांगदेवांचे नाव असलेले लेख आहेत. गडाच्या उंचीवर वारा ओला कागद क्षणभर ठरू देत नाही. नगर शहरातील दमडी मशिदीवरील अक्षरे तर खोदलेली नसून उठावाची आहेत, आणि ती इतकी नाजूक की त्यांना हात लावायलाही मन धजू नये. अशा ठिकाणी दगडाला न शिवता घेतलेली नोंदच चालते. म्हणजे कॅमेराच. मात्र त्या कॅमेऱ्याने ठशाचे काम करायला हवे, सहलीच्या फोटोचे नव्हे.

*

आता आम्ही ज्या यंत्राकडे वळलो त्याच्या वंशावळीविषयी थोडे. डीएसएलआर या नावातील महत्त्वाचा भाग आहे तो आरसा. भिंगातून आलेले चित्र तिरक्या आरशावर घेऊन वर वळवायचे ही कल्पना छायाचित्रणाच्याही आधीची, चित्रकारांच्या 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' पेटीतली. एकाच भिंगाने पाहायचे आणि त्याच भिंगाने चित्र घ्यायचे अशा रिफ्लेक्स कॅमेऱ्याचे पेटंट थॉमस सटन या इंग्रजाने १८६१ मध्ये घेतले. ३५ मिलिमीटर फिल्मसाठी ही रचना १९३६ च्या एक्झॅक्टाने रुळवली. १९५९ मध्ये आलेल्या निकॉन एफ या कॅमेऱ्याने ती वृत्तपत्रांपासून युद्धभूमीपर्यंत पोचवली. आपल्याकडे सामान्य घरांत या काळात आगफा क्लिक थ्रीसारखे साधे पेटीवजा कॅमेरे होते. रिफ्लेक्स दिसे तो लग्नात, स्टुडिओवाल्याच्या गळ्यात.

डिजिटलचा आरंभ १९७५ चा. कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने बनवलेल्या पहिल्या यंत्राचे चित्र शंभर गुणिले शंभर बिंदूंचे होते, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉनच्या शरीरात १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर बसवून वृत्तछायाचित्रकारांसाठी यंत्र काढले. त्याचा साठवणीचा डबा खांद्याला लटकवून हिंडावे लागे. १९९९ च्या निकॉन डी-१ ने हे तंत्र एका सलग यंत्रात आणले, आणि २००३ च्या कॅनन ३०० डी ने नुसत्या बॉडीची किंमत प्रथमच १००० डॉलरांच्या आत आणली. तेथून 'पहिला डीएसएलआर कोणता घ्यावा' हा प्रश्न मध्यमवर्गीय घरांत येऊन पोचला.

आमच्यापुढे २०११ मध्ये तो आला तेव्हा बाजारात निकॉनचे डी-३१०० आणि डी-५१००, कॅननचे ११०० डी आणि ६०० डी असे नवे पर्याय होते. आमच्या तक्त्यात पहिला रकाना मेगापिक्सेलचा होता. १२, १४, १६, १८. आकडा मोठा तो कॅमेरा मोठा, या हिशेबाने आम्ही जवळजवळ निर्णयाला आलो होतो. शेवटचा सल्ला म्हणून नगरच्या एका जुन्या स्टुडिओवाल्यांकडे गेलो. लग्नांचे फोटो काढण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती. तक्ता त्यांनी पाहिला, बाजूला ठेवला आणि आमची ती सहा चित्रे मागितली. ती पाहून म्हणाले, "सर, आकडे राहू द्या. फ्लॅश कुठे ठेवणार तेवढं सांगा."

आम्ही म्हटले, "काका, फ्लॅश कॅमेऱ्यावरच असतो ना?"

"तिथंच तर सगळं बिघडलंय," ते म्हणाले. टेबलावरची छापील निमंत्रणपत्रिका त्यांनी उचलली, खिडकीसमोर आडवी धरली आणि हळूहळू तिरपी केली. समोरून पाहताना सपाट दिसणारी उठावाची अक्षरे कडेच्या उजेडात एकदम उभी राहिली.

गोष्ट इतकी साधी होती की आम्हाला शरम वाटली. कोरलेले अक्षर म्हणजे रंग नव्हे, खोली. खोली डोळ्याला दिसते ती सावलीमुळे. कॉम्पॅक्टचा फ्लॅश भिंगाच्या शेजारी, जेमतेम बोटभर अंतरावर असतो. तो जी सावली पाडतो ती अक्षराच्या मागे दडते, भिंगाला दिसतच नाही. परिणामी आमच्या कॅमेऱ्याने प्रामाणिकपणे प्रत्येक अक्षर पुसून टाकले होते. येथे मेगापिक्सेल आठ असोत की अठरा, त्याने काही साधले नसते.

प्रश्न असा बदलल्यावर उत्तरही बदलले. आम्हाला फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, दगडाच्या कडेला ठेवून तारेशिवाय पेटवता यायला हवा होता. डी-३१०० किंवा डी-५१०० यांच्या अंगच्या फ्लॅशने दूरचा फ्लॅश चालवण्याची सोय नव्हती. कॅनन ६०० डी मध्ये ती होती, पण नवा ६०० डी आणि त्याचा वेगळा फ्लॅश मिळून आमच्या रकमेबाहेर जात होते. ती सोय २००८ च्या निकॉन डी-९० मध्येही होती. स्टुडिओवाले नवा कॅमेरा घेऊन आपला डी-९० आणि एसबी-६०० हा फ्लॅश विकणारच होते. १२.३ मेगापिक्सेलचे, तीन वर्षे वापरलेले ते यंत्र आमच्या तक्त्यात शेवटी होते. ते पहिले आले.

डी-९० मधील आणखी दोन गोष्टी आमच्या कामाच्या निघाल्या, त्या नोंदवून ठेवतो. एक, त्याच्या बॉडीत फोकसची मोटर आहे. त्यामुळे ५० मिलिमीटरची जुन्या धाटणीची स्वस्त लेन्स तिच्यावर आपोआप फोकस होते. डी-३१०० आणि डी-५१०० वर तीच लेन्स हाताने फिरवावी लागते. सपाट शिळेसाठी ही लेन्स सोबत मिळणाऱ्या झूमपेक्षा बरी, कारण झूमच्या रुंद टोकाला सरळ रेषा बाहेर फुगतात आणि कडेची अक्षरे प्रमाणाबाहेर जातात. दुसरी गोष्ट म्हणजे सेन्सर. आमच्या कॉम्पॅक्टचा सेन्सर सुमारे २५ चौरस मिलिमीटरांचा, डी-९० चा सुमारे ३७० चा. म्हणजे प्रत्येक बिंदूच्या वाट्याला जवळपास दसपट जागा येते आणि अंधाऱ्या गाभाऱ्यात छिन्नीच्या बारीक खुणा दाण्यांच्या रवाळपणात हरवत नाहीत.

तिसरी एक गोष्ट सर्वच डीएसएलआरना लागू आहे, आणि साहित्याच्या अध्यापकांना ती चटकन पटेल. कॉम्पॅक्ट आपल्याला तयार जेपीईजी चित्र देतो. त्यात किती उजेड ठेवायचा, कोणते बारकावे गाळायचे, हे यंत्राने आधीच ठरवलेले असते. प्रत्येक रंगछटेच्या फक्त २५६ पायऱ्या उरतात. डीएसएलआरच्या 'रॉ' फाइलमध्ये सेन्सरने टिपलेले जवळपास जसेच्या तसे राहते; डी-९० मध्ये ४०९६ पायऱ्या. जेपीईजी ही कोणीतरी संपादित केलेली आवृत्ती आहे आणि रॉ हे हस्तलिखित. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आम्ही तीन वर्षांपूर्वी एका अनामिक संपादकाच्या हाती शिळा सोपवली होती आणि मूळ प्रत ठेवलीच नव्हती.

*

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की योग्य कॅमेरा मिळाला आणि प्रश्न सुटला. तसे झाले नाही. आणि हे सांगितल्याशिवाय लेख संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

कॅमेरा घेतल्यावर पंधरवड्याने नगरपासून जवळच असलेल्या एका बारवेत आम्ही पहिला प्रयोग केला. वरच्या पायरीशी एक छोटा दानलेख आहे. दुपार कलली होती. डी-९० ट्रायपॉडवर लावला, फ्लॅश डावीकडे दगडालगत धरला आणि चित्र घेतले. पडद्यावर अक्षरे अशी उमटली की जणू आत्ताच कोरली. पुढे सवयीने फ्लॅश वरून, उजवीकडून, खालून असा फिरवत गेलो. एका बाजूच्या उजेडात आडव्या रेषा हरवतात, दुसऱ्या बाजूच्या उजेडात उभ्या. म्हणून एका लेखाची निदान चार चित्रे हवीत हे तेव्हाच कळले. उजेड खालून आला तर खोदलेले अक्षर डोळ्याला उठावाचे भासते, हा भ्रमही अनुभवला.

मग आमच्यातल्या एकाने सहज म्हणून जुना कॉम्पॅक्ट पिशवीतून काढला. फ्लॅश बंद केला, कॅमेरा पायरीवर टेकवला, हात हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टाइमर लावला. तोवर सूर्य बराच खाली आला होता आणि ऊन दगडावर घासून जात होते. चित्र आले. डी-९० इतके स्वच्छ नव्हते, कडेला थोडे मऊ होते, पण लेख पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत वाचता येत होता.

आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. २००८ च्या त्या दिवशी एक बटण दाबून फ्लॅश बंद केला असता, कोणा घरातून आरसा मागून देवळाच्या सावलीत तिरपे ऊन वळवले असते, किंवा पुढच्या एसटीपर्यंत थांबलो असतो, तर प्रवरेकाठची ती तिसरी ओळ आज आपल्याजवळ असती. कॅमेरा अपुरा होता हे खरे; पण शिळा हरवली ती त्याच्या अपुरेपणामुळे नव्हे. कझिन्सच्या पिढीला सूर्याची वाट पाहावी लागे, म्हणून तिला उजेड वाचता येत होता. आम्हाला खिशातल्या यंत्राने ती वाट पाहण्यातून सोडवले होते, आणि त्या सुटकेत आम्ही पाहायलाच विसरलो.

याचा अर्थ डीएसएलआर घेणे व्यर्थ होते असा नाही. सूर्य ज्या ठिकाणी कधीच पोचत नाही, अशा गाभाऱ्यात आणि बारवेच्या तळाशी, पुढील वर्षांत त्या डी-९० ने जे दिले ते कॉम्पॅक्टने दिले नसते. पण कोणते काम यंत्राअभावी अडले आहे आणि कोणते आपल्या अज्ञानामुळे, हे वेगळे काढल्याखेरीज नव्या यंत्राची निवड नीट होऊच शकत नाही. पहिला डीएसएलआर घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही म्हणून एकच गोष्ट सांगत आलो: आधी हातातल्या साध्या कॅमेऱ्याने, आणि आता फोनने, फ्लॅश बंद करून एका दगडासमोर एक संध्याकाळ घालवा. त्यानंतरही जे साधले नाही त्याची यादी करा. दुकानात जाताना तीच यादी न्या.

*

आता या यंत्राचाही काळ मावळतो आहे. २००८ मध्येच आरसा नसलेले, लेन्स बदलता येणारे कॅमेरे निघू लागले होते, आणि २०२० नंतर कॅनन वा निकॉन यांपैकी कोणीही नवा डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. विद्यार्थ्यांना वापरलेले डीएसएलआर त्यामुळे पूर्वीपेक्षा स्वस्तात मिळतात, ही एक सोय झाली. असे यंत्र घेताना शटर किती वेळा उघडले गेले आहे ते पाहावे, लेन्समध्ये बुरशीची जाळी नाही ना हे उजेडाकडे धरून तपासावे, आणि शंका असेल तर थोडे पैसे लेन्ससाठी व ट्रायपॉडसाठी राखून बॉडी साधी घ्यावी. आमच्या डी-९० च्या मुठीवरचे रबर सुटून आले आहे, यंत्र चालते. त्याची चित्रे आम्ही दोन वेगळ्या ठिकाणी जपतो. अजिंठ्याच्या प्रती दोनदा जळाल्या, हे वाचल्यापासून एकच प्रत ठेवण्याचे धाडस होत नाही.

त्या जुन्या सहा चित्रांच्याही प्रती तशाच जपल्या आहेत. अलीकडच्या संगणकीय करामती त्यांच्यावर करून पाहिल्या. उजेड-काळोखाचा फरक ताणला, रंग उलटे केले. पांढऱ्या डागातून काही निघाले नाही, कारण जी सावली कॅमेऱ्यात शिरलीच नाही ती नंतर काढता येत नाही. दरवर्षी यादवकालीन मराठीच्या तासाला आम्ही ती सहा चित्रे विद्यार्थ्यांपुढे ठेवतो आणि तिसरी ओळ वाचायला सांगतो. एकच्या पुढे कोणी दोन वाचतो, कोणी तीन. दोन असेल तर शिळा ज्ञानेश्वरीच्या शतकातली, शके १२०० नंतरची. तीन असेल तर बहमनी अमलातली. वर्गात वाद रंगतो. हुशार मुले भाषेवरून तर्क लढवतात, पण पहिल्या दोन ओळींत तेवढी भाषा उरलेली नाही.

शेवटी कोणीतरी विचारते, "सर, मग खरं काय?" आम्ही फळ्यावर 'शके १' एवढेच लिहितो, आणि पुढची जागा मोकळी सोडतो.